फुगा नेमका कुठे आहे? रक्ताच्या उलटीचं एक प्रकरण

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं पन्नास खाटांचं रुग्णालय आहे. चार खाटांचा अतिदक्षता विभाग, कोविडच्या काळात आलेले दोन व्हेंटिलेटर, रक्त साठवणुकीचा एक फ्रिज आणि चाकांवरचं एक्स-रे मशीन. एंडोस्कोपी, म्हणजे घशातून दुर्बीण घालून तपासणी-उपचार, नाही. रात्री-अपरात्री एंडोस्कोपी हवी असेल तर नागपूर, म्हणजे रस्त्याने साडेतीन तास. पुढचं सगळं या साडेतीन तासांभोवती आणि अन्ननलिकेतला रक्तस्राव थांबवणाऱ्या एका रबरी फुग्याभोवती फिरतं. रुग्णाची ओळख लागेल असे तपशील बदलले आहेत.

रात्री ११.४० ला सेहेचाळीस वर्षांचा एक शेतकरी आला. घरी दोनदा आणि येताना ऑटोत एकदा रक्ताची उलटी झालेली. सोबत बायको आणि धाकटा भाऊ. ऑटोतल्या उलटीसाठी भावाने स्टीलचा डबा धरला होता, तो तसाच आत घेऊन आला. डब्यात गडद लाल गोळे आणि वर ताजं रक्त. असा पुरावा घेऊन येणारा नातेवाईक मला नेहमीच आवडतो. 'थोडंसं रक्त पडलं' आणि 'बादलीभर पडलं' या दोन्हींचा अर्थ माणसागणिक बदलतो, डबा मात्र सगळ्यांना सारखाच.

पंधरा वर्षांची दारू, चार महिन्यांपूर्वी बंद. डोळे पिवळे, छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा, पोटात थोडं पाणी. नाव-गाव सांगत होता, पण वार चुकीचा सांगितला. हात पुढे करायला सांगितल्यावर पंजा फडफडला, म्हणजे लिव्हरच्या बिघाडाचा परिणाम मेंदूपर्यंत पोचला होता. नाडी १३२, रक्तदाब ७८/४०. हिमोग्लोबिन ७.१, प्लेटलेट ६२ हजार, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) १.९, बिलिरुबिन ३.८, अल्ब्युमिन २.४. लिव्हर किती बिघडलंय ते सांगणारे चाइल्ड-प्यू गुण १२, म्हणजे सी, सगळ्यात गंभीर गट. बायकोने पिशवीतून जुनी फाइल काढली. दहा महिन्यांपूर्वी दुसरीकडे एंडोस्कोपी झाली होती आणि अन्ननलिकेत मोठ्या व्हॅरिसेस असल्याचं लिहिलं होतं. त्यांच्यातला दाब कमी ठेवणारं प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं होतं. महिनाभर घेतलं, उठताना चक्कर येऊ लागली म्हणून बंद केलं. कोणाला विचारलं नाही आणि त्यांनाही कोणी पुन्हा बोलावलं नाही.

व्हॅरिसेस म्हणजे काय, हे डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. आतडी, प्लीहा आणि जठर यांचं रक्त पोर्टल व्हेनमधून लिव्हरमध्ये जातं. सिरोसिसने लिव्हर दगडासारखं झालं की त्या रक्ताला आत शिरायला जागा उरत नाही, दाब वाढतो आणि रक्त आडवाटा शोधतं. त्यातली एक वाट जठराच्या वरच्या टोकाकडून अन्ननलिकेच्या खालच्या भागातल्या शिरांमध्ये जाते. या शिरा एवढ्या रक्तासाठी घडलेल्याच नाहीत. त्या फुगतात, वेड्यावाकड्या होतात, आणि पोर्टल व हिपॅटिक शिरांमधल्या दाबाचा फरक १२ मिमी पाऱ्याच्या वर गेला की कधीही फुटू शकतात. रक्त खालून वर येतं, ही दिशा लक्षात ठेवा. फुग्याचं सगळं शास्त्र तिच्यावर उभं आहे.

सुरुवात पुस्तकाप्रमाणे झाली. दोन जाड सुया, रक्ताची मागणी, १२.०५ ला पोर्टल शिरांमधला दाब उतरवणारं टर्लिप्रेसिन २ मिलिग्रॅम, आणि अँटिबायोटिक सेफ्ट्रिअॅक्सोन १ ग्रॅम. अँटिबायोटिक कशासाठी, असं दर सहा महिन्यांनी बदलून येणारा नवा डॉक्टर विचारतोच. सिरोसिसच्या रुग्णाला रक्तस्राव झाला की आतड्यातले जंतू रक्तात उतरतात, आणि त्या संसर्गाने पुन्हा रक्तस्राव होतो. हे एक इंजेक्शन जीव वाचवणाऱ्या औषधांत मोडतं, आणि घाईत सगळ्यात आधी तेच विसरलं जातं.

आमच्या ज्युनिअरने आयएनआर बघून प्लाझ्मा, म्हणजे गोठवणारे घटक असलेला रक्तातला द्रव, मागवायची तयारी केली होती. मी नको म्हटलं. सिरोसिसमध्ये रक्त गोठवणारे आणि गोठू न देणारे, दोन्ही घटक कमी झालेले असतात. आयएनआरला त्यातली एकच बाजू दिसते. प्लाझ्माच्या चार पिशव्या म्हणजे जवळपास लिटरभर द्रव, आणि तो शेवटी त्याच फुगलेल्या शिरांमध्ये दाब वाढवणार. बाव्हेनो नावाच्या तज्ज्ञांच्या परिषदेच्या सातव्या सहमतीतही व्हॅरिसेसच्या रक्तस्रावात प्लाझ्मा देऊ नये असंच म्हटलं आहे. रक्ताचंही तसंच आहे. २०१३ साली बार्सिलोनाच्या अभ्यासाने हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त देणं जास्त सुरक्षित असल्याचं दाखवलं. पण ज्याचं रक्त डोळ्यांदेखत धो धो वाहतंय त्याला हा नियम लावायचा नसतो. असे रुग्ण त्या अभ्यासातून वगळलेच होते. आम्ही पहिली पिशवी लावली.

मग थांबलो. या थांबण्याबद्दल पुढे लिहिणार आहे.

१२.५० ला तो एकदम उठून बसला. खाटेचा कठडा धरला, आणि तोंडातून जे आलं ते उलटीसारखं नव्हतंच, नळ सोडल्यासारखं होतं. सिस्टरने बादली पुढे केली. नंतर मोजलं तर नुसत्या बादलीत ८०० मिली, चादरीवरचं वेगळं. वरचा रक्तदाब ६०. बायको दाराशी उभी होती. ती ओरडली नाही. "थांबते ना जी हे?" एवढंच तिने विचारलं, दोनदा.

औषध देऊन झालं होतं आणि एंडोस्कोपी नागपुरात होती. या अवस्थेत साडेतीन तासांचा प्रवास म्हणजे वाटेतच संपणं. उरला फुगा.

या नळीला आमच्याकडे कोणी एस-बी म्हणतं, कोणी नुसतंच फुग्याची नळी. रॉबर्ट सेंगस्टाकन आणि आर्थर ब्लेकमोर या न्यूयॉर्कच्या दोघा सर्जनांनी १९५० साली ती प्रसिद्ध केली. तेव्हा अन्ननलिकेत दुर्बीण घालून शिरेला रबर बँड लावण्याची सोय नव्हती, ती यायला १९८० चं दशक अर्धं उलटावं लागलं. नळीचा घाट साधा आहे. एका रबरी नळीत तीन पोकळ्या. एक जठरातलं रक्त ओढून काढायला, दुसरी टोकाजवळच्या गोल जठरफुग्यासाठी आणि तिसरी त्याच्या वरच्या लांबट अन्ननलिकाफुग्यासाठी. पुढे मिनेसोटा नळीत चौथी पोकळी आली, अन्ननलिकेत साठणारी थुंकी आणि रक्त ओढण्यासाठी. आमच्याकडे तीन पोकळ्यांचीच होती.

होती, म्हणजे कपाटात होती. दोन पाकिटं निघाली. एकाची मुदत संपून तीन वर्षं झालेली, दुसऱ्याची संपायला दोन महिने शिल्लक. तरी सिस्टरने दोन्ही उघडली. हवा भरून जठरफुगा पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवला. पहिल्या नळीच्या फुग्यातून बुडबुड्यांची बारीक साखळी वर येऊ लागली. रबर बोटांना चिकटत होतं, दुमडलेल्या जागी भेगा होत्या. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधण्याचाच हा प्रकार. दुसरी नळी कोरडी निघाली, दोन्ही फुगे शाबूत. दुसरीही फुटकी असती तर हे प्रकरण इथेच संपलं असतं.

पण नळीच्या आधी श्वासाची वाट. शुद्ध हरपत चाललेल्या, तोंडात रक्त भरलेल्या माणसाच्या घशात करंगळीएवढी जाड नळी सारायची म्हणजे रक्त फुप्फुसात जाणारच. शिवाय फुगा वर सरकला तर श्वासनलिका दाबली जाते. म्हणून श्वासनलिकेत आधी नळी, मग फुगा. दोन सक्शन, डोकं उंच, रक्तदाब टिकवायला नॉरअॅड्रेनलिन चालू, भुलीसाठी केटामिनचा कमी डोस. माझ्या डाव्या हातातल्या लॅरिंगोस्कोपच्या दिव्याला फक्त लाल दिसत होतं. एक सक्शन अन्ननलिकेच्या तोंडाशी तसंच सोडून दिलं, तेव्हा क्षणभर स्वरयंत्राच्या पांढऱ्या कडा दिसल्या. १.०५ ला नळी आत गेली.

एस-बी नळीला जेली लावली, फुगे रिकामे करून चिमटे लावले, आणि तोंडातून ५० सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत सारली. ५० नंबर दातांशी आला. जठराच्या पोकळीतून सिरिंजने हवा मारली आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवला. गुडगुड स्पष्ट ऐकू आली. मी म्हटलं, भरा.

आमच्या सिस्टरची आधीची बरीच वर्षं नागपूरच्या मेडिकल कॉलेजमध्ये गेलेली. तिने सिरिंज लावली, पन्नास मिली हवा भरली आणि हात थांबवला. म्हणाली, "सर, आधी फोटो."

फोटो म्हणजे एक्स-रे. मला तेव्हा राग आला, हे कबूल केलं पाहिजे. रक्तदाब ७०, दुसरी पिशवी संपत आलेली, प्रत्येक मिनिट महाग, आणि मी माझ्या कानांनी आवाज ऐकलेला. एक्स-रेवाला मुलगा खाली झोपला होता. मशीन वर आणायचं, पाठीखाली कॅसेट सरकवायची, ती खाली नेऊन वाचायची, सगळं मिळून बारा मिनिटं. ती म्हणाली, "तोवर रक्त देऊ ना सर." आणि तिने सिरिंज खिशातच ठेवली.

चित्र आलं तेव्हा मी खुर्चीत बसलो. पन्नास मिली हवेचा काळा गोळा डायाफ्रामच्या वर, हृदयाच्या सावलीमागे होता. जठरफुगा जठरात नव्हता, अन्ननलिकेत होता. मी पूर्ण २५० मिली भरायला सांगितले होते.

अन्ननलिका मऊ आहे. तिच्यात क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा फुगा फुगवला तर ती फाटते, आणि अशा सिरोटिक माणसाच्या छातीत अन्ननलिका फाटणं म्हणजे जवळपास मृत्यूच. या नळीने झालेल्या मृत्यूंच्या नोंदींत हा अपघात ठळक आहे. आवाज मात्र खरा होता. नळीचं टोक खाली पोचलं होतं किंवा अगदी जवळ होतं, हवा तिथून जठरात गेली आणि मला ऐकू आली. फुगा टोकाच्या वर असतो, तो अजून पोचलेला नव्हता. स्टेथोस्कोपला टोक कळतं, फुगा कळत नाही. मग दातांशी ५० कसे आले? लॅरिंगोस्कोप घालून पाहिलं तर घशात, जिभेच्या मागे, नळीचा एक वेटोळा पडलेला. आठ-दहा सेंटिमीटर तिथेच अडकले होते.

हवा काढली, वेटोळा ओढून सरळ केला, मॅगिलच्या लांब, वाकड्या चिमट्याने धरून नळी खाली ढकलली, आता ५५ पर्यंत. पुन्हा पन्नास मिली, पुन्हा फोटो. या वेळी काळा गोळा डाव्या डायाफ्रामच्या खाली, जठराच्या वरच्या भागात. मग पन्नास-पन्नास करत २५० मिली. प्रत्येक पन्नासनंतर फुग्याच्या तोंडाला बीपीच्या यंत्राचा मॅनोमीटर (दाबमापक) जोडून दाब पाहिला. घालण्यापूर्वी ट्रेवर फुगवताना हेच आकडे लिहून ठेवले होते. तेवढ्याच हवेला आत दाब १५ मिमीहून जास्त चढला, तर फुगा चुकीच्या जागी आहे असं समजून थांबायचं. चढला नाही. दुहेरी चिमटा लावला आणि नळी हलकेच मागे ओढली. जठर आणि अन्ननलिका जिथे मिळतात तिथे फुगा अडकल्याचा टणक स्पर्श हाताला लागतो. विहिरीतली बादली काठाला टेकल्यावर दोराला जसं जाणवतं तसा. दातांशी नळीवर निळ्या टेपची खूण केली. वेळ २.१०.

आता ओढ. सलाइनची ५०० मिलीची भरलेली बाटली नळीला दोरीने बांधून सलाइन स्टँडच्या आडव्या दांड्यावरून खाली सोडली. अर्धा किलो. त्याहून जास्त, किलोपर्यंत ओढ लावलेली मी पाहिली आहे, पण अर्ध्यावर काम भागत असेल तर ओठाचा आणि जठराच्या अस्तराचा विचार करावा. तोंडाच्या कोपऱ्यात स्पंज.

रक्ताची दिशा लक्षात ठेवा असं वर म्हटलं ते इथे कामाला येतं. रक्त जठराकडून वर चढतं. त्या सांध्यावर जठरफुगा घट्ट बसला की वर जाणारा पाटच बंद होतो. म्हणून बहुतेक वेळा नुसता जठरफुगा पुरतो. अन्ननलिकेचा फुगा जास्त धोक्याचा असतो. तो थेट शिरांच्या नाजूक अस्तरावर दाब देतो, त्याने अस्तर मरतं, फाटतं. आमच्या ज्युनिअरला तोही 'सेफ्टीसाठी' फुगवायचा होता. मी पंधरा मिनिटं मागितली. चौथी पोकळी नसल्यामुळे एस-बीच्या बाजूने एक साधी राइल्स ट्यूब, म्हणजे एरवी नाकातून जठरात घालतात ती बारीक नळी, घातली होती, तिचं टोक अन्ननलिकाफुग्याच्या जरा वर. तिच्यातून आधी लाल आलं, मग गुलाबी, मग नुसती थुंकी. जठराच्या पोकळीतून जुनं काळपट रक्त येत राहिलं, ताजं आलं नाही. नाडी ११० वर उतरली. अन्ननलिकेचा फुगा रिकामाच राहिला. ताजं रक्त येत राहिलं असतं तर तो ३० मिमी पाऱ्यापर्यंत भरून, थांबलं नाही तर ४५ पर्यंत नेला असता, आणि दर काही तासांनी सोडून पाहिला असता.

फुग्याने रक्त थांबतं, हे खरं. पुस्तकांत ऐंशी ते नव्वद टक्के हा आकडा सापडतो. त्याच पुस्तकात पुढच्या ओळीत असतं की फुगा सोडल्यावर जवळजवळ निम्म्यांना पुन्हा रक्तस्राव होतो. म्हणजे हा उपचार नव्हे, वेळ उसनी घेणं आहे. फार तर २४ तासांची. त्यामुळे फुगा लावताना पुढच्या एंडोस्कोपीची व्यवस्था झालेली नसेल, तर आपण नुसतं पुढे ढकललेलं असतं.

आणि आमची व्यवस्था उशिरा झाली होती. १०८ ला फोन १.२० ला गेला, म्हणजे तो दारात आल्यावर एक तास चाळीस मिनिटांनी. व्हेंटिलेटरची गाडी दुसऱ्या तालुक्यातून निघाली आणि ३.१० ला पोचली. मोठ्या व्हॅरिसेसची फाइल, सी गट, ७८ चा रक्तदाब, हे तिन्ही मला बाराच्या आधी माहीत होतं. तरी टर्लिप्रेसिन दिलंय, बघू थोडं, असं म्हणत मी पाऊण तास घालवला. हा माणूस इथे राहणार नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत दिसत होतं. श्वासनलिकेची नळीही तेव्हाच शांतपणे, कोरड्या घशात घालता आली असती.

गाडी आल्यावर नवीनच पेच पडला. सलाइनची बाटली खाटेवर छान लोंबकळते, गाडीत प्रत्येक गतिरोधकाला ती उडणार, आणि दर झटक्याला जठर ओढलं जाणार. इतर देशांत यासाठी अमेरिकन फुटबॉलचं जाळीवालं हेल्मेट वापरतात, नळी जाळीला बांधतात, म्हणजे डोकं हललं तरी ओढ तेवढीच राहते. हे मी ज्युनिअरला सांगत होतो, तर वॉर्डातले काका म्हणाले, "आपल्या टीमची किट आहे ना साहेब, रेकॉर्ड रूममध्ये." आरोग्य खात्याच्या सामन्यांसाठी घेतलेलं क्रिकेटचं किट. त्यातलं निळं हेल्मेट आणलं. स्पिरिटने पुसलं, खांद्यांखाली घडी केलेली चादर दिली म्हणजे मान पुढे वाकणार नाही, आणि हेल्मेट चढवलं. ओढ मोजायला बाळं तोलायचा स्प्रिंगचा काटा आणला. नळीला तो अडकवून अर्ध्या किलोवर ओढला आणि तिथेच रिबन गॉजने नळी जाळीला बांधली. निळी टेप दातांशी होती तिथेच राहिली, हे तिघांनी पाहिलं.

हेल्मेटच्या कडेला एक मोठी कात्री चिकटपट्टीने लावली. ही कात्री प्रत्येक फुग्याच्या रुग्णाजवळ असलीच पाहिजे. फुगा वर सरकून श्वास कोंडला तर चिमटे सोडत बसायचं नाही. सगळ्या पोकळ्या एकदम आडव्या कापायच्या, हवा सुटते, नळी बाहेर ओढायची. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: जठरफुगा २५० मिली हवा, वेळ २.१०. अन्ननलिकाफुगा रिकामा, हवा भरू नये. ओढ अर्धा किलो. दातांशी निळी टेप. फुगा एंडोस्कोपीच्या टेबलावरच सोडावा.

गाडी ३.३५ ला निघाली. सोबत ज्युनिअर आणि तीच सिस्टर. बुटीबोरीच्या जवळ फोन आला. ऑक्सिजन ८६ वर आलाय, कात्री हातात घेतलीय. मी काही बोलायच्या आत मागून सिस्टरचा आवाज ऐकू आला, "टेप जागेवर आहे." म्हणजे फुगा सरकलेला नव्हता. व्हेंटिलेटरच्या नळीचा जोड गाडीच्या हादऱ्याने निखळला होता, तो बसवला, दोन मिनिटांत ९७. टेप नसती तर ज्युनिअरने कापलं असतं, आणि त्याला दोष देता आला नसता.

७.१० ला नागपूर. सव्वाआठला एंडोस्कोपी. तिथल्या डॉक्टरांनी टेबलावर आधी ओढ सोडली, मग हवा, मग दुर्बीण घातली. मोठ्या शिरांच्या तीन रांगा, सांध्याच्या दोन सेंटिमीटर वर एका शिरेवर पांढरं बोंड. ती फुटल्याची जागा, रक्ताच्या गुठळीने बंद झालेली. सहा बँड लावले. जठराच्या वरच्या कडेला फुग्याच्या दाबाची निळसर खूण होती, जखम नव्हती. फुगा सहा तास राहिला होता.

चाइल्ड सी गटातल्या, दहा ते तेरा गुणांच्या रुग्णाला अशा रक्तस्रावानंतर ७२ तासांच्या आत टिप्स करावं, असं आता मानलं जातं. मानेतल्या शिरेतून जाऊन लिव्हरच्या आत पोर्टल आणि हिपॅटिक शिरांमध्ये स्टेंट टाकायचा, म्हणजे तुंबलेल्या रक्ताला मोठी वाट मिळते. त्यांनी विचार केला होता. पण दुसऱ्या दिवशी उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया दिसला. आमच्याकडे १२.५० ला आणि नळी घालेपर्यंत जे रक्त घशात गेलं त्याचीच ती किंमत असणार. ताप, वाढणारं क्रिएटिनिन (म्हणजे मूत्रपिंडावर ताण), आणि तो विषय मागे पडला. व्हेंटिलेटर पाचव्या दिवशी निघाला. तेराव्या दिवशी घरी.

फुग्याऐवजी आता अन्ननलिकेत आपोआप उघडणारा धातूचा झाकलेला स्टेंटही टाकता येतो. तो शिरांना आतून दाबून धरतो, आठवडाभर ठेवता येतो, रुग्ण तोंडाने खाऊ शकतो. २०१६ सालच्या एका लहान स्पॅनिश अभ्यासात तो फुग्यापेक्षा सरस ठरला, जगण्यात मात्र फरक दिसला नाही. किंमत बघता आमच्या कपाटात तो कधी येईल असं मला वाटत नाही. रबरी नळीच आमची आहे, तर तीच नीट ठेवायला हवी.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कपाटातल्या पाकिटांच्या तारखा पाहिल्या जातात. जुन्या फुटक्या नळीचा उपयोग ज्युनिअरना शिकवायला होतो. ती पाण्याच्या ट्रेत बुडवून बुडबुडे दाखवतो, मग तिच्यावरच जठरफुगा आणि टोक यांच्यातलं अंतर बोटांनी मोजायला लावतो. ट्रॉलीवर नळी, मॅनोमीटर, मॅगिल, चार चिमटे, कात्री आणि निळी टेप एकत्र असतात. पाकिटावर स्केच पेनने लिहिलंय, 'पन्नास मिली, मग फोटो.' अक्षर सिस्टरचं.

तो सहा आठवड्यांनी आला. प्रोप्रॅनोलॉलच्याच जातीच्या कार्व्हेडिलॉल ६.२५ मिलिग्रॅमवर होता, नाडी ६४, रक्तदाब १०२. बँडची दुसरी फेरी झाली होती. बायकोने गोळ्यांच्या पाकिटावर प्रत्येक गोळीच्या मागे बॉलपेनने तारीख घातलेली. उठताना चक्कर येते का, विचारलं. येते म्हणाला. मग? "हिला विचारून बसून घेतो." ओठाच्या उजव्या कोपऱ्याला एक बारीक पांढरा वण होता, स्पंज असूनही पडलेला. त्या रात्रीचं त्याला काही आठवत नाही. वणावरून बोट फिरवत त्याने विचारलं, हे कशाचं? भाऊ हसला आणि म्हणाला, "बॅटिंगला गेला होता तू."